बोटीचा खोकला

त्या दिवसांत मला एक विचित्र नाद लागला होता. रात्री झोप उडाली की मी फोनवर बोटींचं वेळापत्रक वाचत बसायचे. कुठल्या बोटी, तर दक्षिण अटलांटिकच्या पार मधोमध असलेल्या ट्रिस्टन दा कुन्या नावाच्या बेटावर जाणाऱ्या. मी तिथे कधी गेलेले नाही, जाणारही नाही. लोकवस्ती अडीचशेच्या आतबाहेर. विमानतळ नाही. सगळ्यात जवळचा शेजार म्हणजे सेंट हेलेना, तोही चोवीसशे किलोमीटरवर. केपटाउनहून निघालेली बोट आठवड्याभराने पोचते, आणि पोचली म्हणजे लागली असंही नाही. बंदर इतकं चिमुकलं की मोठी बोट बाहेरच नांगर टाकते. माणसं आणि सामान छोट्या होड्यांतून, तराफ्यांवरून आत न्यायचं. समुद्र खवळलेला असला तर तेही नाही. समोर बेट दिसतंय, घरांची छपरं दिसताहेत, आणि बोट दिवसच्या दिवस बाहेर डोलत उभी.

मी हे वाचत असायचे तेव्हा पलीकडच्या खोलीत माझा मामा ऑक्सिजनवर होता.

२०२१ची दुसरी लाट. कुठेच खाट मिळत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं होतं की घरी ठेवा, चार लिटरवर ठेवा, शक्य तितका वेळ पालथं झोपवा. आमच्याकडे दोन छोटी सिलिंडर होती. एकात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला चार लिटर धरले तर सव्वासहा तास. म्हणजे रात्री दहाला लावलेलं सव्वाचारला संपणार. तोवर मामेभावाने दुसरं भरून आणायचं. हा हिशेब मी एका वहीत मांडून ठेवत असे: लावल्याची वेळ, काट्याचा आकडा, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा. एक्क्याण्णव. नव्वद. एक्क्याण्णव. व्हॉल्व्ह उघडायचा पाना पहिल्या रात्री ऐन वेळी सापडला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो सुतळीने सिलिंडरच्या गळ्यातच बांधून टाकला. पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे ऐकू येताहेत तोवर ठीक, एवढंच माझं वैद्यकीय ज्ञान.

अशा रात्री एखादी बाई ट्रिस्टनच्या बोटी का वाचत बसेल? दुसऱ्याचं लांब असणं पाहून आपलं जवळ असणं मोजायची खोड म्हणा. फार चांगली खोड नव्हे, पण पहाटे तीनला माणूस चांगल्या खोडी निवडत बसत नाही.

मामाला झोप कमीच. एकदा मास्कच्या आतून त्याने विचारलं, "काय वाचतेस गं एवढं?" मी सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकून घेतलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "त्यांचं दुसरं सिलिंडर भरायला कोण जातं?"

तिथून ते वाचन आम्हा दोघांचं झालं.

बेटांच्या आजारपणाचा इतिहास शोधायला गेलं की सगळ्यात आधी भेटतो तो खोकला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचं बेट आहे. आता तिथे कायमची वस्ती नाही. उरलेली छत्तीस माणसं २९ ऑगस्ट १९३० रोजी स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडून गेली. पण त्याआधी शतकानुशतकं तिथे एक गोष्ट ठरलेली होती. बाहेरची बोट आली की काही दिवसांत सगळं बेट खोकायला लागे. लहान-थोर सगळे. त्याला ते लोक बोटीचा खोकला म्हणत, परक्यांची सर्दी म्हणत. अठराव्या शतकात ही हकीकत लंडनपर्यंत पोचली तेव्हा शहाण्यासुरत्या मंडळींना ती थाप वाटली. इंग्रजीचे नामांकित कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी तर तिची चेष्टाच केली. एका पाद्र्याने मात्र डोकं लढवून उत्तर काढलं: या बेटावर परक्याला उतरायचं तर ईशान्येचा वारा लागतो, म्हणजे सर्दी वाऱ्याने होते, पाहुण्याने नव्हे. काय सुंदर तर्क! चुकीचा, पण निरीक्षणाला धरून केलेला. बेटावरच्या माणसांना मात्र तर्काची गरजच नव्हती. कोण आलं होतं आणि त्यानंतर कोण पहिल्यांदा खोकलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

ट्रिस्टनवर पुढे विसाव्या शतकात संशोधकांनी सर्दीच्या रीतसर नोंदी ठेवल्या. तोच प्रकार. बोट येते, कोणीतरी उतरतं, काही दिवसांत नाकं वाहू लागतात, साथ सगळ्या वस्तीतून फिरते आणि संपते. संपते म्हणजे खरोखर संपते. पुढची बोट येईपर्यंत बेटावर सर्दीच नाही.

हे संपणं मला फार वेळ समजत नव्हतं. मग लक्षात आलं की रोगालाही जगायला माणसं लागतात. गोवर एका वस्तीत कायम टिकून राहायचा तर सतत नवी, पूर्वी गोवर न आलेली मुलं मिळत राहायला हवीत; त्यासाठी अडीच ते पाच लाखांची तरी लोकवस्ती लागते, असा हिशेब १९५० आणि ६०च्या दशकांत अभ्यासकांनी मांडला. त्यापेक्षा लहान बेटावर रोग पाहुण्यासारखा येतो, सगळ्यांना भेटतो आणि जातो. पण तो गेल्यावर जन्मलेल्या मुलांनी त्याला पाहिलेलंच नसतं. ती मुलं मोठी होतात, त्यांना मुलं होतात, आणि एक दिवस पुन्हा बोट येते.

उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवर अगदी हेच घडलं. १७८१नंतर तिथे गोवर नव्हता. १८४६च्या मार्चमध्ये कोपनहेगनहून एक सुतार आला आणि त्याच्याबरोबर गोवर आला. सुमारे ७,८०० लोकांपैकी सहा हजारांवर लोक काही महिन्यांत आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पंचविशीतल्या एका डॉक्टरला पाठवलं, पीटर पॅनम त्याचं नाव. उपचार म्हणून त्याच्या हातात फारसं काही नव्हतंच. मग तो गावोगाव होडीने हिंडला आणि लोकांना तारखा विचारत सुटला. या गावात अमुक दिवशी कोण आलं होतं? देवमाशांच्या शिकारीला कोण कोण जमलं होतं? पुरळ कुठल्या दिवशी उठलं? बेटावरची माणसं अशा बाबतीत पक्की. पाहुण्याची तारीख कोण विसरतं? त्यावरून त्याने काढलं की संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे चौदा दिवस जातात. आणि दुसरी गोष्ट, जी मला मामाला वाचून दाखवतानाही रोमांचकारी वाटली: १७८१मध्ये ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांनी! शरीराने पासष्ट वर्षं आठवण सांभाळून ठेवली होती.

मामा म्हणाला, "म्हणजे ज्या घरात म्हातारं माणूस, त्या घरात पाणी द्यायला तरी कोणी उभं होतं."

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पण पटलं. साथीत औषधांआधी ही अडचण येते: सगळेच एकदम झोपले तर चूल कोण पेटवणार, पाणी कोण देणार. मोठ्या वस्तीत आजार रांगेने येतो, बेटावर एकाच आठवड्यात येतो. डॉक्टर एक, आणि तोही माणूसच. परिचारिका एक किंवा दोन. जनरेटर चालवणारा एक. यातलं कोणीही आजारी पडलं तर त्या कामाला दुसरा नाही. आमच्या घरात मी आणि मामेभाऊ दोघंच उभे होतो, तर मला रोज वाटायचं, माझं अंग उद्या तापलं तर सव्वाचारला उठणार कोण?

आता सामोआची गोष्ट. ही मी मामाला तेव्हा सांगितली नाही.

पॅसिफिकमधली सामोआ बेटं तेव्हा दोन सत्तांमध्ये विभागलेली होती. पश्चिमेकडची न्यूझीलंडच्या ताब्यात, पूर्वेकडची अमेरिकेच्या. दोन्हींकडे माणसं तीच, भाषा तीच, नातीगोती दोन्हींकडे पसरलेली. आपिया आणि पागो पागो या दोन बंदरांमधलं अंतर सव्वाशे किलोमीटर. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेली 'टालून' नावाची बोट आपियाला लागली. बोटीवर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते. तरी उतारूंना उतरू दिलं गेलं. पुढच्या काही आठवड्यांत पश्चिम सामोआत सुमारे साडेआठ हजार माणसं गेली, लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. घरंच्या घरं झोपलेली. पुष्कळ जण तर रोगाइतकेच उपाशी राहून गेले असावेत, कारण शेतातून काही आणायला पायावर उभं कोणी नव्हतं.

पूर्वेकडच्या बेटांवर एकही मृत्यू झाला नाही. शून्य.

तिथला गव्हर्नर जॉन पॉयर नौदलाचा माणूस. त्याने रेडिओवर साथीच्या बातम्या ऐकल्या आणि दार लावून घेतलं. येणाऱ्या बोटींना सक्तीचं विलगीकरण. किनाऱ्यावर गस्त घातली ती गावच्याच लोकांनी, कारण रात्री होडी घालून आपल्या आत्या-मावश्यांना भेटायला जाणारे-येणारे अडवायचे होते. हे काम बाहेरचा शिपाई करू शकत नाही. पॉयरने शेजारच्या प्रशासकाला मदतही देऊ केली होती. पश्चिमेचा प्रशासक रॉबर्ट लोगन याने ती घेतली नाही.

औषध दोन्हींकडे सारखंच होतं, म्हणजे नव्हतंच. फ्लूवर १९१८ साली जगात कोणाकडेच काही नव्हतं. दोन बेटांमध्ये फरक पडला तो धक्क्यावर, बोट लागू द्यायची की नाही हे ठरवण्यात. आणि ते ठरवणारा माणूस दोन्ही ठिकाणी बाहेरचा, नेमलेला. एकीकडे तो बरा निघाला. एवढ्यावर हजारो जीव अवलंबून असावेत, हे मला आजही पचत नाही. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२मध्ये सामोआत जाऊन माफी मागितली. चौऱ्याऐंशी वर्षांनी.

युरोपने क्वारंटाइन शोधलं तेच मुळात बेटांच्या जिवावर. राग्युसाने, म्हणजे आजच्या डुब्रोवनिकने, १३७७मध्ये प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना आधी महिनाभर बाहेर, जवळच्या बेटावर वगैरे थांबायला लावलं. व्हेनिसने १४२३मध्ये खाडीतल्या एका बेटावर कायमचं रोग्यांचं ठाणं उभारलं. पुढे कुष्ठरोग्यांसाठीही क्रेटजवळचं स्पिनालोंगा, हवाईतलं मोलोकाई अशी बेटंच निवडली गेली. आजारी माणूस नको झाला की त्याला बेटावर सोडा, हा जुना शिरस्ता. कोविडच्या वेळी बेटांनी हा शिरस्ता उलटा फिरवला, आणि मला खरं सांगायचं तर त्यात थोडी मजाही वाटली. आता मुख्य भूमी झाली रोग्यांची जागा.

लक्षद्वीपचंच पाहा. छत्तीस बेटं, वस्ती दहांवर, २०११च्या जनगणनेत चौसष्ट हजारांच्या वर लोक. कोचीपासून बेटं सव्वादोनशे ते साडेचारशे किलोमीटर लांब. धावपट्टी एकच, अगत्तीला. २०२० सालभर भारतात रोज हजारांनी रुग्ण सापडत असताना लक्षद्वीपमध्ये एकही नव्हता. बेटावर जायचं तर आधी कोचीत सात दिवस अडकून राहायचं, चाचणी द्यायची, निर्दोष ठरलात तर बोटीत बसायचं, आणि उतरल्यावर पुन्हा घरात कोंडून घ्यायचं. स्वतःच्या घरी जाणाऱ्यालाही हेच. लेकरू समोर, आणि तुम्ही खिडकीतून बघताय. लोकांनी ते पाळलं. का पाळलं याचं कारण राजधानी कवरत्तीच्या दवाखान्यात आहे: ज्याला मोठे उपचार लागतात त्याला कोचीला न्यायचं, बोटीने नाहीतर हेलिकॉप्टरने, आणि पावसाळ्यात दोन्हींचा भरवसा नाही. हे तिथल्या प्रत्येक घराने कधी ना कधी अनुभवलेलं. बाळंतपणाला, हार्ट अटॅकला, पडून डोकं फुटल्यावर.

२०२०च्या डिसेंबरअखेर नियम बदलले. कोचीतलं सक्तीचं थांबणं गेलं, निगेटिव्ह चाचणीचा कागद पुरेसा झाला. १८ जानेवारी २०२१ला पहिला रुग्ण सापडला. मेपर्यंत रुग्णसंख्या हजारांत गेली होती. नियम बदलायला नकोच होते असं मी म्हणणार नाही. एखादं बेट वर्षानुवर्षं बंद ठेवता येत नाही, मुलांना शिकायला जायचं असतं, मासळी विकायची असते. माझा आक्षेप वेळेवर आहे. लस अजून यायची होती. दार उघडायला चार-पाच महिने थांबता आलं असतं का, हा प्रश्न ज्यांच्या घरी सिलिंडर लागणार होतं त्यांना कितपत विचारला गेला?

बेटावरच्या छोट्या दवाखान्यात काय असतं? खाटा बोटांवर मोजण्याइतक्या. एक्स-रे बहुधा असतो, सीटी स्कॅन बहुधा नसतो. ऑक्सिजन असतो, पण तो कसा असतो ते महत्त्वाचं. हॉस्पिटलात वापरतात त्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर मावतो. कोविडच्या बऱ्यापैकी आजारी रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागले तर असं एक सिलिंडर बारा तासही पुरत नाही. रुग्ण पाच, दिवस दहा, म्हणजे शंभरावर सिलिंडर. ती बोटीने यायची, रिकामी परत बोटीने भरायला जायची. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे कॉन्सन्ट्रेटर म्हणूनच बेटांवर सिलिंडरपेक्षा लाखमोलाचे. पण त्यांना अखंड वीज लागते, वीज डिझेलवर, आणि डिझेल बोटीने. कुठूनही सुरुवात करा, तुम्ही धक्क्यावर येऊन उभे राहता.

रक्ताचं तर आणखीनच वेगळं. साठवलेलं रक्त पाच-सहा आठवड्यांत बाद होतं, त्यामुळे एवढ्याशा वस्तीसाठी रक्तपेढी ठेवणं परवडत नाही. मग अनेक दुर्गम बेटांवर रक्तपेढी दोन पायांवर हिंडते. डॉक्टरकडे यादी असते: कोणाचा गट कोणता. गरज पडली की फोन जातो, माणूस हातातलं काम टाकून येतो, बाही वर करतो. मला ही कल्पना आवडते आणि तिची भीतीही वाटते. समजा सगळ्या गावात ओ निगेटिव्ह दोघंच आहेत आणि दोघंही तापाने फणफणलेत?

आधीच काळजी घेण्याची टोकाची तऱ्हा अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पाहायला मिळते. तिथे चिलीची व्हिया लास एस्त्रेयास नावाची वस्ती आहे. मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबांना, लहान मुलांसकट, आधी अपेंडिक्स काढून घ्यावं लागे. दुखत नसलेलं. कारण तिथे दुखलं तर कापणारं कोणी नाही.

दुर्गम जागचा डॉक्टर हा सगळ्यात आधी अंदाज बांधणारा असतो. आज या माणसाचा ऑक्सिजन त्र्याण्णव आहे. परवा तो काय असेल? हेलिकॉप्टर आत्ता मागवावं तर उगाच मागवलं असं होईल, आणि उद्या मागवावं तर वारा असेल. शिवाय उंच उडणाऱ्या विमानात हवेचा दाब कमी, म्हणजे श्वास कमी पडणाऱ्याचा श्वास आणखी कमी पडणार. शहरातला डॉक्टर रुग्ण बिघडल्यावर हलवतो, बेटावरच्याला बिघडण्याआधी हलवावं लागतं. सगळ्यांना हलवता येत नाही. मग कोणाकडे पाहून तो ठरवत असेल? नाडी, छाती, वय, आणि आकाश.

मला आवडलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. फेरो बेटं, तीच ती गोवरवाली. २०२०च्या सुरुवातीला सगळं जग चाचण्यांसाठी रांगेत उभं होतं, तेव्हा या पन्नासेक हजार लोकांच्या देशात चाचण्यांची चणचण नव्हती. कारण मासे. साल्मन माशांची शेती हा तिथला मोठा धंदा. माशांना होणाऱ्या विषाणूजन्य रोगाची तपासणी करायला तिथे एक पशुवैद्यकीय प्रयोगशाळा होती. तिथल्या शास्त्रज्ञाने वेळीच ओळखलं की माशाच्या विषाणूसाठी जे यंत्र चालतं ते माणसाच्या विषाणूसाठीही चालवता येईल. लागणारी रसायनं त्याने आधीच जमवून ठेवली. २०२०चं अख्खं वर्ष तिथे कोविडने एकही माणूस दगावला नाही. मामाला हे इतकं आवडलं की भेटेल त्याला फोनवर सांगायचा, मध्ये धाप लागली तरी थांबायचा नाही. "माशाचा डॉक्टर, बरं का, माशाचा!"

लसीच्या वेळी पुन्हा बोटच. उणे सत्तर अंशांत ठेवावी लागणारी लस ज्या बेटावर साधा मोठा फ्रीजर नाही तिथे न्यायची कशी? त्यापेक्षा दोन ते आठ अंशांत राहणारी ॲस्ट्राझेनेकाची बरी. पण तिच्या एका कुपीत दहा डोस, आणि सुई टोचली की कुपी सहा तासांत संपवायची. शहरात अकरावा माणूस नेहमी मिळतो. अडीचशे लोकांच्या वस्तीत दहा-दहांचे गट आधीच पाडावे लागतात. कोण आजारी आहे, कोण गरोदर आहे, कोण मासेमारीला गेलंय, सगळं नावानिशी. ट्रिस्टनसाठी लस आधी विमानाने फॉकलंड बेटांवर आली आणि तिथून ब्रिटिश नौदलाच्या 'एचएमएस फोर्थ' या जहाजाने समुद्रमार्गे. एप्रिल २०२१. म्हणजे बरोबर त्याच दिवसांत, जेव्हा मी रात्री दोन आणि सव्वाचारचे गजर लावून झोपत होते. बोट पोचल्याची बातमी मी वाचून दाखवली तेव्हा मामाचा आकडा त्र्याण्णव होता, आठवड्याभरातला सगळ्यात चांगला. त्याने मास्क खाली ओढून विचारलं, "उतरवली का पण? की उभीच आहे बाहेर?" उतरवली होती.

लस मिळाली म्हणजे लोकांनी घेतली असंही नसतं, आणि त्याला कारणं असतात. पुन्हा सामोआच. २०१८मध्ये तिथे गोवराची लस दिल्यानंतर दोन तान्ही बाळं गेली. लशीत दोष नव्हता. ती कालवताना परिचारिकांकडून चुकून भुलीच्या वेळी देतात ते स्नायू सैल करणारं, मुदत संपलेलं औषध मिसळलं गेलं होतं. पण लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण थंडावलं, आणि २०१९च्या अखेरीस गोवर आला. त्र्याऐंशी मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळा देश बंद ठेवला आणि लोकांना सांगितलं की घरात लस न घेतलेलं कोणी असेल तर दारात लाल कापड लावा. पथकं लाल कापड शोधत घरोघर हिंडली. तीन महिन्यांनी जगभर कोविडची हाकाटी उठली तेव्हा सामोआने सीमा बंद केल्या, त्या दोन वर्षांवर मोकळ्या अशा झाल्याच नाहीत. बाहेरून बघणाऱ्यांना ते अति वाटलं. ज्या देशाच्या मागे १९१८ आहे आणि दारात नुकतीच लाल कापडं लागून गेली आहेत, त्याला अति म्हणजे काय हे आपण कोण सांगणार?

पण दार कधीतरी उघडावं लागतंच, आणि कधी ते आपोआप फुटतं. १५ जानेवारी २०२२ला पॅसिफिकमधल्याच टोंगा या देशाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला. राख, त्सुनामी, तुटलेली केबल. मदत घेऊन जहाजं निघाली. ऑस्ट्रेलियाच्या मदतजहाजावर तेवीस जण कोविडचे निघाले, तेव्हा सामान माणसाला माणूस न भिडता उतरवायचं ठरलं. पाणी हवंय, तंबू हवेत, आणि ते देणाऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टोंगात कोविड आला, बंदरावर काम करणाऱ्या दोघांना. मात्र तोवर तिथल्या बहुतेक प्रौढांची लस झालेली होती. दोन वर्षं दार धरून ठेवल्याने जे मिळवायचं ते मिळालं होतं: वेळ. त्याच महिन्याच्या थोडं आधी पॅसिफिकमधल्याच किरिबाती या देशाने जवळपास दोन वर्षांनी दार उघडायला सुरुवात केली आणि एक विमान येऊ दिलं. चोपन्न प्रवासी, सगळ्यांची लस झालेली, फिजीत दोन आठवडे वेगळे ठेवलेले, तिथल्या चाचण्या निगेटिव्ह. उतरल्यावर तपासलं तर छत्तीस पॉझिटिव्ह.

हे वाचून मी मामाला फोन केला. तोवर तो ठणठणीत झाला होता, सिलिंडर दुसऱ्या कोणाच्या घरी गेली होती. पाना मात्र सुतळीसकट आमच्याकडेच राहिला, आणि कोणाचा ते आता कळायला मार्ग नाही. छत्तीसचा आकडा ऐकून मामा हसला नाही. म्हणाला, "ज्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली असेल त्यांची रात्र कशी गेली असेल गं."

आता ते सगळं मागे पडलंय. वही मी टाकून दिली. वेळापत्रक मात्र अजून अधूनमधून उघडते. सुटण्याची तारीख, पोचण्याची तारीख, मधले सहा-सात दिवस. परवा मामाचा फोन आला होता, इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "तुझी बोट कुठवर आली?"

"पोचली मंगळवारी."

"उतरले लोक?"

"उतरले असणार."

त्याने बहुधा बोटांवर दिवस मोजले. "मग आज-उद्या शिंकायला लागतील सगळे," म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी स्वतःच शिंकला.